देवीला ठाऊकच आहे, मग पायऱ्या कोणासाठी?

विरारच्या जीवदानीला जायचे आता दोन मार्ग आहेत. एक पायऱ्यांचा, हजाराहून अधिक पायऱ्यांचा, गुडघ्यांची परीक्षा पाहणारा. दुसरा रोपवेचा, तिकीट काढून बसायचा. रोपवे नव्हता तेव्हा वर पोचलेला प्रत्येक जण पायऱ्या चढूनच आलेला असे. त्यामुळे चढण्यावरून त्याची भक्ती कळत नसे, फार तर दम कळे. रोपवे आला आणि पायऱ्या बोलायला लागल्या. सोय आहे, तिकिटाचे पैसेही आहेत, तरी एखादी बाई अनवाणी निघते. प्रत्येक पायरीला वाकून हळद-कुंकवाचं बोट टेकवते. हातातल्या डबीतलं कुंकू घामाने ओलं होतं, बोटाला चिकटतं. ती पदराला बोट पुसते आणि पुढच्या पायरीला पुन्हा वाकते. मागून आलेली पोरं दोन-दोन पायऱ्या टाकत, जयजयकार करत पुढे निघून जातात. तिचा हिशेब मात्र एकेक पायरीचाच.

ती काहीतरी सांगते आहे हे उघड आहे. कोणाला सांगते आहे, हे तितकं उघड नाही.

देवीला म्हणावं, तर देवी अंतर्यामी. मनातलं जिला आधीच ठाऊक आहे, तिला घाम गाळून काय पटवून द्यायचं? शेजारणीला म्हणावं, तर तो दिखावा झाला आणि दिखाव्याची भक्ती देवीला चालत नाही असं तीच बाई सांगेल. नवस फेडायचा म्हणून म्हणावं, तर नवस हा करार झाला. पण करारात पायऱ्यांचंच कलम का घातलं? देवीला त्या घामाचा उपयोग काय? भक्तीच्या बाहेरच्या खुणांचा, मग तो टिळा असो, माळ असो, उपवास असो, रोजा असो की गुडघ्यांवर रांगत केलेली प्रार्थना, हा जुनाच पेच आहे. वसई-विरारच्या पट्ट्यात त्याचे जितके नमुने एका जागी सापडतात तितके क्वचित दुसरीकडे सापडतील. बुद्धाचा शिष्य झालेला व्यापारी इथला, अशोकाचा लेख इथला, जपानात क्रुसावर गेलेला संत इथला आणि चर्चच्या सावलीत उभी राहिलेली बँकही इथलीच.

याच जातीचं एक कोडं अर्थशास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं आहे. त्यांचा प्रश्न देवाचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता. वाण्याच्या दुकानात उधारी मागायला दोन माणसं येतात. एक पहिल्या तारखेला पैसे आणून देणारा, दुसरा पहिल्या तारखेला खोली बदलणारा. कपाळावर दोघांच्याही काही लिहिलेलं नाही. ‘पगार झाला की देतो’ हे वाक्य दोघेही म्हणणार, आणि ते म्हणायला दोघांनाही काही पडत नाही, म्हणूनच त्या वाक्याला किंमत नाही. १९७३ साली मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने नोकरीच्या बाजाराचं उदाहरण घेऊन यातली मेख दाखवली. खूण खरी ठरायची तर ती नुसती महाग असून भागत नाही. खऱ्याला ती परवडली पाहिजे आणि खोट्याला परवडता कामा नये. पदवीतून ज्ञान मिळो न मिळो, आळशाला ती मिळवणं जास्त जड जातं, म्हणून मालक पदवी बघतो. या कामासाठी २००१ मध्ये स्पेन्सला जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

या सिद्धान्तात दोन टोकं आहेत. खूण अशी असली की खरे-खोटे आपोआप दोन रांगांत उभे राहतात, तर वाचणाऱ्याचं काम झालं. पण खूण सगळ्यांनाच परवडू लागली, किंवा ती न दाखवण्याची शिक्षा इतकी जबर झाली की सगळेच ती दाखवू लागले, तर एकच रांग उरते आणि तिच्याकडे बघून काहीही कळत नाही.

गिऱ्हाईक आणि देव यांची गाठ घालून देणारा माणूस मात्र स्पेन्सच्या कितीतरी आधीचा. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर १९०४ मध्ये अमेरिकेत फिरला आणि दोन वर्षांनी तिथल्या पंथांवर त्याने एक निबंध लिहिला. त्यातले किस्से कादंबरीत शोभावेत असे आहेत. सिनसिनाटीत नाक-घशाचा दवाखाना थाटलेल्या एका जर्मन डॉक्टरकडे पहिलाच रुग्ण आला. काय होतंय विचारलं, तर गडी खुर्चीवर पडल्या पडल्या सांगतो की मी अमुक रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चचा सभासद आहे. डॉक्टर चक्रावला, नाकाच्या दुखण्याचा आणि बॅप्टिस्ट असण्याचा संबंध काय? ओळखीच्या अमेरिकन डॉक्टरने उलगडा केला: फीची काळजी करू नका, एवढंच तो सांगत होता.

दुसरा किस्सा नॉर्थ कॅरोलायनातला. ऑक्टोबरातल्या एका थंड रविवारी तळ्याच्या गार पाण्यात बाप्तिस्मे चालले होते. एक तरुण कुडकुडत बाहेर आला. वेबरच्या नातलगाने आधीच भाकीत केलं होतं की हा आज पाण्यात उतरणार. का? तर त्याला बँक काढायची आहे. एवढे बॅप्टिस्ट आहेत का तिथे, असं वेबरने विचारलं. नाहीत, पण एकदा बाप्तिस्मा झाला की साऱ्या पंचक्रोशीचं गिऱ्हाईक त्याचंच. कारण त्या पंथात घेण्याआधी माणसाची बालपणापासूनची वागणूक खोदून काढत. दारूचे अड्डे, पत्ते, बुडवलेली देणी, सगळं तपासलं जाई. पाण्याची बुडी ही नुसती मोहोर. खरं काम आधीच्या चौकशीने केलेलं असे.

तो तरुण खरोखर श्रद्धाळू होता की नाही? गिऱ्हाइकाला त्याचं सोयरसुतक नाही; ठेव परत मिळाली की झालं. धर्माच्या दृष्टीने मात्र विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे. एकाच तळ्याकडे दोघे बघतात, आणि एकाला जे कळून पुरेसं होतं तिथून दुसऱ्याचा प्रश्न सुरू होतो.

वेबरच्या त्या बँकवाल्यानंतर दीड दशकाने वसईत असंच काहीसं घडलं, पण उलट्या अंगाने. १९१८ साली पापडीत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मोकळी करून दिली होती. त्यामागचा आदर्श जर्मनीतल्या राइफआयझेनच्या गावपतपेढ्यांचा: गावापुरतीच संस्था, एकमेकांना ओळखणारे सभासद. वसईच्या केळी-पानवेलीच्या बागायतदाराला सावकार व्याजाने पिळत असे, कारण सावकाराला बरा आणि बुडव्या यांतला फरक करण्याचे कष्ट नको असत. बुडव्याचा दर तो सगळ्यांनाच लावी. पतसंस्थेत तो फरक करायला वेगळा माणूस लागत नव्हता. कोणाच्या वाडीला पाणी वेळेवर जातं, कोणाची पावलं संध्याकाळी गुत्त्याकडे वळतात, कोणी बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडलं, हे बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर सगळ्यांना माहीत.

म्हणजे धर्म इथे तारण होता का? वेबर तसंच म्हणाला असता, पण त्याचीच एक अट त्याच्या आड येते. त्याचा भर मोठेपणी तावूनसुलाखून सभासद करून घेणाऱ्या पंथांवर होता. जन्माने मिळणाऱ्या चर्चच्या सभासदत्वाला तो पत असल्याचा दाखला मानत नव्हता. वसईचा कॅथॉलिक तर पाळण्यातच बाप्तिस्मा घेतो. त्या खुणेला त्याला काहीच पडत नाही, म्हणून तिच्यावरून काही कळतही नाही. पापडीत कर्जदाराची पत सांगणारी गोष्ट बाप्तिस्मा नव्हती. एकाच घंटेवर उठणं, एकमेकांच्या मयताला खांदा देणं, पिढ्यान् पिढ्या बांधाला बांध लावून राहणं, यांतून ती कळत होती. खूण लागते परक्याला. शेजाऱ्याला खुणेची गरजच पडत नाही. आज बँक मोठी झाली, खातेदार सगळ्या धर्मांचे आणि बरेचसे परके. तिथे आता पगाराची पावती आणि पॅन कार्ड लागणारच.

धर्मातली महागडी बंधनं माणसं धरून ठेवतात, याला आधारही आहे. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी २००३ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामुदायिक वसाहतींचा हिशेब मांडला. कोणी मांस सोडायला लावत, कोणी दागिने, कोणी बाहेरच्यांशी व्यवहार. धार्मिक वसाहतींत बंधनं जितकी जास्त तितकी वसाहत जास्त टिकली. गंमत अशी की निधर्मी वसाहतींत तसं काही दिसलं नाही. तेवढाच त्रास, पण त्याने माणूस बांधला जात नव्हता. नुसता खर्च पुरत नाही. तो खर्च पवित्र वाटावा लागतो. हिशेबाच्या शास्त्राला इथे थोडं थांबावं लागतं, आणि ते थांबलं हे त्याच्या प्रामाणिकपणाला शोभलं.

नालासोपाऱ्यात बाहेरच्या खुणांचा हा वाद फार जुना आहे. प्राचीन शूर्पारक ते हेच. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी इथल्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप खोदला, त्यात दगडी करंडा आणि मैत्रेय-बुद्धांच्या लहान मूर्ती निघाल्या. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला. अशोकाचे चौदा शिलालेख देशभर आहेत. त्यांतला नेमका नववा इथे हाती लागावा हा योगायोगच, कारण तो याच प्रश्नावरचा आहे.

त्यात राजा म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात. बायका तर फारच, आणि तीही क्षुल्लक, निरर्थक. (सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही बोट बायकांकडेच.) ही कार्यं करायला हरकत नाही, पण त्यांचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगलकार्य वेगळं: दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

ही यादी नीतीची म्हणून वाचली जाते. खुणांच्या अंगाने वाचली तर तिच्यातली चतुराई दिसते. पूजा पाहुण्यांसमोर होते, वर्षातून चार वेळा होते, आणि त्या दिवशी कोणीही सोवळं नेसून साजरं दिसू शकतं. घरच्या नोकराशी वागणं रोजचं असतं, बंद दारामागचं असतं, आणि ते पाहणारा माणूस असा की ज्याच्यावर छाप पाडायची मालकाला गरजच वाटत नाही. लुच्च्याला एक दिवसाचा सत्यनारायण परवडतो. वीस वर्षं मोलकरणीशी सभ्यपणे वागणं परवडत नाही. अशोकाने पहिल्या नंबरावर नेमका तो साक्षीदार घेतला ज्याला मालकाचा खरा प्रकार ठाऊक असतो आणि ज्याला कोणी विचारत नाही.

अर्थात दगडावर लेख कोरणं हे राजाला स्वस्तच. अशोकाचं महागडं वाक्य तेराव्या लेखात आहे. कलिंगात लाख माणसं मारली गेली, दीड लाख हलवली गेली, आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी कबुली तिथे आहे. पण ओडिशात, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगडला तो लेख कोरलाच नाही. तिथे वेगळे लेख आहेत. कोणासमोर काय बोलायचं हे राजालाही कळत होतं.

याच सोपाऱ्याचा पूर्ण. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहात त्याची गोष्ट येते आणि ती आधी पक्क्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. मोळीविक्याकडच्या लाकडांत गोशीर्ष चंदन आहे हे त्याने ओळखलं आणि ते विकत घेतलं. राजाला ताप आला, वैद्यांनी तेच चंदन सांगितलं, राजा बरा झाला आणि उरलेलं चंदन मागू लागला. पूर्ण दरबारात गेला तो एक तुकडा हातात आणि तीन वस्त्राखाली झाकून. गिऱ्हाईक किती गरजू आहे हे कळायच्या आत माल उघडा करायचा नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढे सागरी सफरीत सहप्रवाशांकडून त्याने बुद्धवचन ऐकलं आणि सगळं सोडून तो श्रावस्तीला गेला.

भिक्षू झाल्यावर त्याने श्रोणापरान्तात, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याकडे जायची परवानगी मागितली. पाली परंपरेतही हा संवाद आहे. बुद्धाने त्याला सरळ जा म्हटलं नाही. तिथली माणसं रागीट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, हात उगारला नाही म्हणजे भलीच म्हणायची. हात उगारला तर? दगड-ढेकळं मारली नाहीत म्हणून भली. मग काठी, मग शस्त्र, शेवटी जीवच घेतला तर? या देहाला कंटाळून लोक मारेकरी शोधत फिरतात. मला तो न शोधता भेटला, असं पूर्ण म्हणाला. तेव्हा बुद्धाने परवानगी दिली.

प्रत्येक प्रश्नाला किंमत एक पायरी वर जाते. वाण्याने उधार मागणाऱ्याला पारखावं तशीच ही पारख वाटते. पण एक गोष्ट खटकते. पूर्णाने दिलं ते नुसतं उत्तर. बोलायला काय जातं? वाण्याच्या दुकानातला बुडव्याही अशी सुंदर उत्तरं देईल. आणि बुद्धाला समोरच्याचं मन दिसत होतं असं परंपराच सांगते, तर मग परीक्षा कशाला? एक उत्तर असं की प्रश्न बुद्धाच्या माहितीसाठी नव्हतेच. पूर्णाला स्वतःचा प्रकार ठाऊक नव्हता. पायरीपायरीने विचारत नेल्यावर तो त्यालाच कळला. जीवदानीच्या बाईकडे या बाजूने पाहिलं तर तिचा घाम वाया जात नाही. देवी जाणते, शेजारणीने जाणून फायदा नाही, पण आपण मागतो आहोत ते किती मनापासून, हे तिचं तिलाही पाचशेव्या पायरीपर्यंत नक्की माहीत नसतं.

उत्तर छान आहे, पण पुरतं पटणारं नाही. स्वतःलाच पटवण्याचे घोटाळे दुसऱ्याला फसवण्यापेक्षा मोठे असतात. वेगवेगळ्या धर्मांनी हा धोका ओळखला. गीतेच्या सतराव्या अध्यायात मानसन्मानासाठी दंभाने केलेलं तप राजस ठरवलं आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात दान आणि प्रार्थना गुप्तपणे करायला सांगितलं आहे. इमाम गझालींनी दिखाव्याच्या भक्तीची चिरफाड करायला पानंच्या पानं खर्च केली. नवव्या शतकात निशापुरात तर मलामती नावाचे साधक निघाले. ते आपली भक्ती लपवत आणि लोकांची निंदा ओढवून घेत, म्हणजे लोकांच्या वाहवेची लालूच उरू नये. आपल्याकडे गाडगेबाबांनी कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेऊन गाव झाडलं, अंगावर चिंध्या ठेवल्या आणि पायाला हात लावू दिला नाही. पण झालं काय? चिंध्या आणि खराटा हीच त्यांची खूण झाली, आणि त्यांच्या पश्चात ती खूण फोटोपुरती कोणालाही परवडू लागली. दरवर्षी हातात झाडू घेतलेले पुढारी वर्तमानपत्रात दिसतात. रस्ता बहुधा आदल्या रात्री झाडलेला असतो. गुप्त ठेवलेलं कृत्य खुणेच्या कामाचं नाही, आणि कळलेलं कृत्य गुप्त राहिलं नाही. या पेचातून वाट काढणारा अजून कोणी भेटलेला नाही.

इथवर खूण वाचणारे होते शेजारी, वाणी, गुरू, फार तर देव. सत्ता वाचायला बसली की खेळ बदलतो.

गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या घरातल्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातली हळद, विड्याची पानं, दारातली तुळस, धोतर, चोळी, इतकंच काय भात मिठाशिवाय शिजवणंही त्यात आलं. पेजेत मीठ आधी पडतं की नंतर, यावरून माणसाच्या आत्म्याचा प्रकार ओळखायचा! खूण म्हणून ही फारच भिकार. अळणी भात आजीच्या हातची सवय म्हणूनही होतो, आणि मनात जुने देव ठेवून भातात मीठ घालायला काहीच पडत नाही. या हुकमाने खरे-खोटे वेगळे झाले नाहीत, शेजाऱ्यावर चुगली करण्याची सोय मात्र झाली. वसई तेव्हा त्याच पोर्तुगीज सत्तेखाली होती. तीन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. आज वसईतल्या कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागते, मराठी गाणी म्हटली जातात, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा होतो. कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. इन्क्विझिशनला ती नक्की दिसली असती.

हीच वसई दुसऱ्या टोकालाही उभी राहिली. गोन्सालो गार्सियाचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकून तो पोरवयातच त्यांच्यासोबत जपानला गेला, जपानी भाषा अशी शिकला की उत्तम धर्मशिक्षक झाला. संघात घ्या म्हणून त्याने विनवलं, पण जेझुइटांनी घेतलं नाही. मग गड्याने व्यापार केला, चांगला चालवला, तोही सोडला आणि मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३ मध्ये तो दुभाषा म्हणून पुन्हा जपानात आला, तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात. डिसेंबर १५९६ मध्ये त्याला पकडलं, डावा कान छाटला, ऐन हिवाळ्यात इतरांसह नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. ज्याला पारखून नाकारलं गेलं, त्याला १८६२ मध्ये पोपने संत म्हणून घोषित केलं. भुईगावपासून जवळच्या गासमध्ये त्याच्या नावाचं चर्च आहे. सोपाऱ्याचा व्यापारी भिक्षू झाला आणि वसईचा व्यापारी हुतात्मा. दोघांनाही जाऊ देण्याआधी कोणीतरी अडवून पाहिलं होतं.

त्याच्यानंतर जपानात जे झालं ते खुणांच्या शास्त्राचं सर्वांत क्रूर प्रात्यक्षिक. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी फुमिए सुरू केलं: येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकाने तिच्यावर पाय द्यायचा. साध्या बौद्धाला त्याचं काही नाही, लाकडावर पाय पडला एवढंच. ख्रिस्ती माणसाला तो पाय उचलवत नाही. म्हणजे स्पेन्सची अट इथे तंतोतंत पाळली जाते: एकाला खूण फुकट, दुसऱ्याला अशक्य. सुरुवातीला त्याने माणसं खरंच पकडली गेली, मारली गेली.

आणि मग ती खूण निकामी झाली. जगायचं असेल तर पाय द्यायचा हे ख्रिस्ती घरांनी ठरवलं. पाय देऊन घरी यायचं आणि ‘कोंचिरिसान’ म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. पाद्री नसला तरी मनापासूनच्या पश्चात्तापाने पाप धुतलं जातं, हे शिकवणारी पुस्तिका बंदीच्या आधीच आलेली होती. पाय देण्याची किंमत अशी खाली आली आणि सगळे एका रांगेत जाऊन उभे राहिले. वर्षानुवर्षं, नव्या सालाच्या सुरुवातीला, अधिकारी प्रतिमा मांडत राहिले, लोक पाय देत राहिले, वह्या भरत राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. त्या पावलांवरून आतलं काहीही कळत नव्हतं. शुसाकु एन्दोची ‘सायलेन्स’ ही १९६६ ची कादंबरी याच पावलावर उभी आहे, आणि पाय देणारा धर्म सोडतो की आणखी खोल जातो, हे तिने वाचकावर सोडलं.

मार्च १८६५ मध्ये खेळ उलटा झाला. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे नवं चर्च बांधलं होतं आणि ते त्या सव्वीस हुतात्म्यांनाच अर्पण केलं होतं, म्हणजे त्यात वसईचा गोन्सालोही आला. फ्रेंच पाद्री पेतीजाँ यांच्याकडे उराकामी गावची काही माणसं आली आणि त्यांनी हळूच विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे? आमचं आणि तुमचं मन एकच आहे, असंही सांगितलं. अडीचशे वर्षं ज्यांची परीक्षा घेतली गेली तेच आता परीक्षा घेत होते. गावागावात सांगून ठेवलेल्या खुणा होत्या: खरे पाद्री येतील ते मरियेला मानतील, रोमच्या पोपला मानतील आणि लग्न करणार नाहीत. शेवटची अट मोठी धूर्त होती. मूर्ती कोणीही मांडेल, नाव कोणीही घेईल. बायको-मुलं नसणं हे सोंग म्हणून आयुष्यभर वागवायला जड. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक तर उघडपणे सहकुटुंब राहत.

पेतीजाँ परीक्षेत उतरले आणि उराकामीकर उघडे झाले. बंदी मात्र अजून उठलेली नव्हती. १८६८ पासून तिथल्या तीन हजारांहून जास्त लोकांना देशोधडीला लावलं गेलं, कित्येक वाटेत आणि छावण्यांत मेले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले परतले. बंदी उठल्यावर हजारो जण रोमच्या चर्चमध्ये गेले. सगळे गेले नाहीत. इकित्सुकीसारख्या बेटांवरच्या काही घराण्यांनी लपूनछपून चालवलेला धर्म तसाच पुढे चालू ठेवला, आता लपायचं कारण उरलं नव्हतं तरी. पोर्तुगीज-लॅटिन शब्द घासून घासून ओळखू न येणाऱ्या प्रार्थना ते म्हणतात, कपाटातल्या देवाला नमस्कार करतात, बौद्ध मठातही जातात आणि शिंतो देवळातही. पूर्वी या दोन गोष्टी अधिकाऱ्यांना दाखवण्यापुरत्या होत्या. रोमच्या हिशेबाने ते कॅथॉलिक नाहीत. ते स्वतः सांगतात ते इतकंच, की आमच्या आजा-पणजांनी असंच केलं, म्हणून आम्हीही करतो.